पद मागू नकोस, वही धर

‘ताई, मी भांडुपला राहते, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकांना दोन वर्षं बॅकस्टेज करतेय. मला अभिनय करायचा नाही. खरंच नाही. पण सगळ्यांना वाटतं, ऑडिशनमध्ये पडली म्हणून मागे राहिली. मला स्टेज मॅनेजमेंट करायचंय. बाहेरच्या दोन ग्रुपना मेसेज केले. एकाने विचारलं, अनुभव किती? दुसऱ्याने लिहिलं, ये, सेट उचलायला मुलं हवीच आहेत. मी मुलगी आहे हे कळल्यावर त्याचं उत्तरच आलं नाही. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. आई म्हणते, शिकून-सवरून हमाली करणार का, आणि रात्रीचा प्रयोग संपल्यावर घरी येणार कशी? मी सुरुवात कुठून करू?’
— विंगेतली, भांडुप

विंगेतली,

‘अनुभव किती’ विचारणाऱ्याचा राग धरू नकोस. तू ‘दोन वर्षं बॅकस्टेज’ एवढंच कळवलं असशील, आणि त्यावरून त्याला काहीच कळलं नसेल. रंगमंचावरच्या अंधारात, म्हणजे ब्लॅकआउटमध्ये, कुणीतरी ‘ती खुर्ची घे’ म्हणालं आणि तू घेतलीस, की खुर्ची कुणी, केव्हा, कुठल्या विंगेतून न्यायची हे तू ठरवलं होतंस? पहिली झाली मदत. नाटकवाले अनुभव म्हणतात ते दुसऱ्याला. तुझ्या गाठीशी दुसरंही थोडंफार असणारच, कारण कॉलेजच्या एकांकिकेत ते कुणा ना कुणाच्या गळ्यात पडतंच. फक्त ते सांगता यायला हवं. त्याचा नमुना खाली देते.

आता एक गोष्ट जरा निराश करेल, पण आधीच ऐकलेली बरी. मुंबईच्या मराठी नाटकात तुला हवी असलेली जागा शोधायला गेलीस तर बऱ्याचदा सापडायची नाही, कारण ते काम एका माणसाकडे नसतंच. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकात स्टेज मॅनेजर तालमीच्या पहिल्या दिवसापासून हजर असतो. तालमीचं वेळापत्रक, नटांच्या हालचालींची नोंद, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी हे सगळं त्याच्याकडे. प्रयोग सुरू झाला की हेडसेटवरून लाइट, आवाज, नेपथ्य या सगळ्यांना ‘स्टँडबाय’ आणि ‘गो’ देणारा तोच. नाटक एकदा लागलं की दिग्दर्शक पुढच्या कामाला लागतो आणि नाटक सांभाळायचं ते स्टेज मॅनेजरने. शिवाय अमेरिकेत ॲक्टर्स इक्विटी या नटांच्या युनियनमध्येच स्टेज मॅनेजरही सभासद असतात, इतकं ते काम नटाच्या बरोबरीचं मानतात.

आपल्याकडे तेच काम चार-पाच जणांत वाटलेलं आहे. तालमीत सहायक दिग्दर्शक. तारखा, बुकिंग, बस, टेम्पो व्यवस्थापकाकडे. निर्मितीची धावपळ सूत्रधाराकडे. सेट आणि प्रॉपर्टी बॅकस्टेजच्या मंडळींकडे. आणि लाइटवाला, म्युझिकवाला आपापले क्यू, म्हणजे बदल करायचे नेमके क्षण, समोर नाटक बघून स्वतःच घेतात. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मुरलेला ऑपरेटर नटाच्या श्वासावर लाइट उतरवतो, ते हेडसेटवरून सांगून जमत नाही. पण तो आजारी पडला की त्याच्या डोक्यातलं नाटक त्याच्याबरोबर घरी राहतं.

म्हणून ‘तुमच्याकडे स्टेज मॅनेजर म्हणून घ्याल का’ असं विचारत फिरू नकोस. ‘तालमीची वही मी ठेवू का’ असं विचार. या प्रश्नाला नाही म्हणणारा दिग्दर्शक विरळा. वही सगळ्यांना हवी असते आणि ठेवायचा कंटाळाही सगळ्यांना असतो.

वही म्हणजे नाटकाचा सातबारा. कुठली वस्तू कुणाच्या ताब्यात, कोण कुठून आला, कुठे बसला, कधी उठला, सगळं त्यात. ती कशी ठेवायची ते सविस्तर सांगते, कारण तुझं सगळं शिक्षण तिथेच होणार आहे.

संहितेची प्रत कागदाच्या एकाच बाजूला छापून घे आणि फाइलला लाव. उजव्या पानावर संवाद, डावं पान कोरं. कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात सेटचा छोटा आराखडा काढ: दार, खिडकी, सोफा. खाली हालचाली. पात्रांना एकेक अक्षर दे आणि संवादात जिथे हालचाल होते त्या शब्दावर आकडा टाक. तोच आकडा डाव्या पानावर आणि पुढे ‘मा सोफ्यामागून खिडकीकडे’. उजवं-डावं नेहमी नटाचं, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं. हे एकदा सगळ्यांशी बोलून पक्कं कर, नाहीतर पहिल्या तांत्रिक तालमीत टेबल एकीकडे आणि दिवा दुसरीकडे. सगळं पेन्सिलने. दिग्दर्शक मंगळवारी जे बसवतो ते गुरुवारी मोडतो आणि पुढच्या सोमवारी ‘आपण आधी काय केलं होतं गं?’ असं तुलाच विचारतो. त्या वेळी तुझ्याकडे उत्तर असलं की तुझी जागा पक्की.

लाइटच्या क्यूंना आकडे दे, आवाजाच्या क्यूंना अक्षरं. एकत्र ओरडा झाला तरी ‘बारा’ म्हणजे लाइट आणि ‘ग’ म्हणजे पार्श्वसंगीत, घोटाळा नाही. क्यू नेमका कशावर, हे लिहिताना जीव ओत. समज, वडील ‘बरं’ म्हणतात, चष्मा काढतात, घडी घालतात, टेबलावर ठेवतात, आणि काळोख होतो. काळोख कशावर? ‘बरं’वर घेतलास तर चष्मा कुणाला दिसतच नाही. चष्मा ठेवून नट हात मागे घेईपर्यंत थांबलीस तर प्रेक्षक खोकायला लागतो. ‘चष्मा टेबलाला टेकला की’ एवढं वहीत असलं, तर ऑपरेटर बदलला तरी प्रसंग तोच राहतो. हे तुला कुणी शिकवणार नाही. तालमीत बसून, चार वेळा चुकीच्या जागी काळोख झालेला बघून कळतं.

प्रॉम्प्टिंगही, म्हणजे अडलेल्या नटाला ओळ पुरवणंही, बहुधा तुझ्याकडेच येईल. नट थांबला म्हणजे विसरला असं नसतं. डोळे खाली गेले किंवा समोरच्या नटाकडे मदतीसाठी वळले की समजावं. ‘ओळ’ म्हणून मागेपर्यंत देऊ नकोस असं काही दिग्दर्शक सांगतात, काहींना लगेच दिलेली आवडते. पहिल्याच दिवशी विचारून घे. आणि नट दर वेळी एकच शब्द चुकवत असेल तर तालमीत तोडू नकोस. टिपून ठेव, तालीम संपल्यावर चिठ्ठी दे. चारचौघांत चूक काढलेली मोठ्या नटालाही लागते, नव्याला तर फारच.

प्रत्येक रनला, म्हणजे न थांबता केलेल्या सलग तालमीला, घड्याळ लाव. अंक किती मिनिटांचा, मध्यंतर किती, कुठला प्रवेश फुगतोय. ‘पहिला अंक आज चार मिनिटं वाढला’ एवढंच दिग्दर्शकाला सांगायचं. का वाढला ते त्याचं त्याला कळतं. तुझं मत विचारलं तर दे, नाही विचारलं तर वहीत राहू दे.

मुंबईत तालमीची जागा म्हणजे शाळेचा वर्ग नाहीतर सोसायटीचा हॉल, आणि रात्री बाकं पुन्हा लावून द्यायची असतात. जमिनीवर टेप चिकटवून ठेवायची चैन आपल्याला नाही. मग फरशी मोज. नेपथ्यकाराचा आराखडा घे, सोफा किती फूट, दार किती फूट, ते फरश्यांत बसव आणि कोपऱ्यांवर खडूने खुणा कर. रोज तालमीआधी पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केलेलं असलं की थिएटरमध्ये पहिल्यांदा सेट लागतो तेव्हा नट दारावर आपटत नाहीत.

प्रॉपर्टीच्या यादीला तीन रकाने पुरतात: वस्तू सुरुवातीला कुठे, रंगमंचावर कोण नेतो, कुठे ठेवून येतो. तिसरा रकाना बहुतेकजण करतच नाहीत, आणि दुसऱ्या अंकातलं पत्र पहिल्या अंकात आत गेलेल्या नटाच्या खिशात राहतं ते त्यामुळे. विंगेतल्या टेबलावर खडूने चौकोन आखून त्यात वस्तूचं नाव लिही. रिकामा चौकोन दिसला की काय हरवलंय ते अंधारातही कळतं. आणि काडेपेटी असेल तर उघडून बघ, आत काड्या आहेत का.

आता हे करायचं कुठे? कॉलेजच्या एकांकिका सोडू नकोस. आयएनटी, युवा महोत्सव, ‘लोकसत्ता’ची लोकांकिका, या स्पर्धांत नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात, एकांकिकेची वेळही बांधलेली. पडदा उघडायच्या आत काय आधी, काय नंतर, कुणी कुठून आत यायचं, याचा सराव करून घेणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. या वर्षी कॉलेजात ती कवायत तू बसव. कागदावर लिहून, नावांसकट, घड्याळ लावून. आणि जमलं तर 25 जानेवारीच्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानच्या सवाई एकांकिका बघायला जा. वर्षभरातल्या विजेत्या एकांकिका एका रात्रीत एकामागून एक होतात. तू दोन एकांकिकांच्या मधला वेळ बघ. पडदा पाडलेला असतो, पण पडद्याखालून पाय दिसतात. कुठल्या संघाचे पाय गोंधळलेत ते कळतं.

स्पर्धेची एक मर्यादा मात्र आहे. तिथे सगळा जोर एका संध्याकाळवर असतो. तिथे वेग अंगी येतो, टिकवणं येत नाही. स्टेज मॅनेजरचं खरं काम नाटक लागल्यानंतरचं. कप फुटतो, नट बदलतो, थिएटर बदलतं, सगळ्यांचा उत्साह ओसरतो, आणि तरीही दहाव्या प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या प्रयोगाचंच नाटक दिसायला हवं. त्यामुळे कॉलेजबाहेर पडताना दहा वेगवेगळ्या नाटकांचे दहा शुभारंभ गोळा करू नकोस. एकच नाटक धर, वाचनापासून, आणि त्याचे दहा प्रयोग होईस्तोवर हलू नकोस. तुझ्यासारख्या मुलींना मी दुसरं काही सांगितलं नाही तरी हे सांगते.

असं नाटक मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त प्रायोगिक गटांत. माणसं थोडी, पैसे त्याहून थोडे, आणि त्यामुळे वही धरणाऱ्याला लवकर हक्क मिळतो. हे गट गिरगावात साहित्य संघात प्रयोग करतात, जुहूच्या पृथ्वी थिएटरला करतात, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या प्रतिबिंब महोत्सवात दिसतात. जागा बदलली की तुझी वही कामाला येते. शिवाजी मंदिरला प्रेक्षक समोर, विंगा दोन्हीकडे. पृथ्वीला प्रेक्षक तीन बाजूंना, मंच त्यांच्या मध्ये घुसलेला, आणि नेहमीच्या विंगांचा आधार नाही; सोफ्यामागून खिडकीकडे जाणारी ‘मा’ तिथे अर्ध्या प्रेक्षकांना पाठ दाखवते. तेव्हा दिग्दर्शक हालचाल बदलतो आणि तू त्या जागेपुरती दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने नोंद करतेस. हौशी राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या मंडळांकडेही जा. बँका-कारखान्यांतली नोकरदार माणसं असतात, तालीम संध्याकाळी उशिरा, शिस्त कमी-जास्त, पण पूर्ण लांबीचं नाटक हाताळायला मिळतं.

व्यावसायिक नाटकात लगेच शिरू नकोस. आधी बघायला जा. रविवारी दादरला प्लाझासमोरच्या शिवाजी मंदिरापाशी उभी राहिलीस तरी निम्मं कळेल. सकाळ, दुपार, रात्र, तीन सत्रं, बऱ्याचदा तीन वेगळी नाटकं. एकाचा सेट उतरून टेम्पोत चढत असतो आणि दुसऱ्याचा टेम्पो जागेची वाट बघत थांबलेला. टेम्पो भरणाऱ्यांकडे नीट बघ. रंगमंचावर जे सर्वांत आधी लागतं ते टेम्पोत सर्वांत शेवटी चढतं. लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), मग फ्लॅट (भिंतींच्या चौकटी), मग दारं, मग फर्निचर हा लावायचा क्रम, म्हणून भरताना बरोबर उलटा. तो क्रम एकदा चुकला की पुढच्या थिएटरवर सगळा माल रस्त्यावर उतरवून पहिली फळी शोधावी लागते, आणि तिसरी घंटा काही तुमच्यासाठी थांबत नाही.

व्यवस्थापकाला विचारून एखाद्या दुपारी सेट लागताना विंगेत उभी राहा. कुणाच्या पायात येऊ नकोस, फोन बाहेर काढू नकोस. बॅकस्टेजची जुनी मंडळी फार बोलत नाहीत, पण त्यांच्याकडे बघितलंस तरी पुष्कळ मिळतं. ब्लॅकआउट यायच्या जरा आधी एक डोळा मिटून घेणारे काका मी पाहिलेत. उजेड गेला की तो डोळा उघडायचा. त्याला अंधाराची सवय झालेली असते, बाकीचे चाचपडत असताना काका टेबल घेऊन पसार. टॉर्चच्या काचेवर निळा जिलेटिन कागद, पायात आवाज न करणाऱ्या चपला, कुठे काय ठेवायचं त्या जागी रेडियमच्या बारीक पट्ट्या. तू बांगड्या-पैंजण घरी ठेव, केस बांध, काळे कपडे घाल. आणि त्यांना ‘काका, हे असं का?’ असं एकदाच विचार, तेही सेट लागून झाल्यावर, चहाच्या वेळी. इंग्रजी शब्द फेकू नकोस. दोन व्हिडिओ बघून आलेल्या पोरांची ‘क्यू शीट कुठे आहे’ ही चौकशी त्यांनी भरपूर ऐकलेली असते.

हेडसेटवरचं काम शिकायचंच असेल, आणि तुझ्या पत्रावरून तुझी ओढ तिकडे दिसते, तर ते इंग्रजी-हिंदी मोठ्या निर्मितींत आणि संगीतिकांत मिळतं. एनसीपीए, 2023 साली बीकेसीत सुरू झालेलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, अशा ठिकाणी. तिथे प्रॉप्स सांभाळणं, कपडे झटपट बदलून देणं, कलाकारांना वेळेवर विंगेत आणणं अशा खालच्या पायरीवरून सुरुवात होते. रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, तेवढी तयारी कर. कंपन्यांच्या इव्हेंटमध्ये शो कॉलर, म्हणजे हेडसेटवरून क्यू देणारा, म्हणूनही काम असतं आणि पैसे नाटकापेक्षा बरे. घ्यायला हरकत नाही. पण तिथे बक्षीस समारंभाचे क्यू द्यायचे असतात. नट, तालीम, शांतता यातलं काही नाही. चार इव्हेंट करून मी स्टेज मॅनेजर झाले असं मानू नकोस. शिक्षणाचं म्हणशील तर पदवीनंतर कलिन्याच्या विद्यापीठातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) आहे. त्याचा विचार वही हातात घेऊन एखादं वर्ष झालं की कर.

आता तुझ्या आईचे प्रश्न. ते मला तुझ्या प्रश्नांपेक्षा अवघड वाटतात.

हमालीचं खरं आहे. उचलावं लागतं. ज्याला मुलगी आहे कळल्यावर उत्तर द्यावंसं वाटलं नाही त्याचा नाद सोड, पण वजनाचा मुद्दा लाजून टाळू नकोस. जड वस्तू दोघांनी उचलायच्या, शिडी धरायला माणूस असल्याशिवाय कुणी चढायचं नाही, विजेच्या बोर्डाला इलेक्ट्रिशियनशिवाय कुणाचा हात नाही, हे मुलांनाही तितकंच लागू आहे, आणि पुढेमागे ते नियम तूच पाळायला लावणार आहेस. ‘पटकन चढ गं, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर चढू नकोस. आईला हेही सांग की 1962 साली ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आलं तेव्हा प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका सगळ्यांनी डोक्यावर घेतल्या. ते आत वेष बदलत असताना बाहेर मंच वेळेवर फिरवणारी, आत कपडे तयार ठेवणारी माणसं होती म्हणून ते नाटक उभं राहिलं. आई कदाचित ऐकणार नाही. मग तिला एका प्रयोगाला घेऊन ये, पण तिकीट काढून, प्रेक्षागृहात बसव. विंगेत नको. विंगेत तिला फक्त घाम आणि धूळ दिसेल.

रात्रीचं गणित मांडून मगच हो म्हण. रात्रीचा प्रयोग सव्वाअकराला संपला तरी तुझं काम संपत नाही. वस्तू मोजायच्या, कपडे परत जायचे, सेट उतरायचा, रिपोर्ट लिहायचा. मग दादरहून शेवटच्या लोकलच्या मागे धावणार, आणि रात्री उशिरा भांडुपला थांबते ती स्लो. त्यामुळे सुरुवातीला दुपारचे प्रयोग असलेलं नाटक शोध, किंवा मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी, घाणेकर असे तुझ्या लाइनीवरचे प्रयोग. रात्रीचा असेल तर आधीच विचार: सोडायची सोय आहे का, माझ्या बाजूला आणखी कोण राहतं? हा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नकोस. ज्या गटाकडे याचं उत्तर तयार असतं तो गट बाकीही बरा असतो, असा माझा अनुभव आहे. दौऱ्याला जायचं तर मुक्कामाची खोली कुणाबरोबर, हे निघण्यापूर्वी कळलं पाहिजे. कुणी वावगं वागलं तर ‘नाटकात असं चालतं’ हे ऐकून घेऊ नकोस. चालत नाही.

पैशांचं थोडक्यात. पहिलं एक नाटक फुकट कर, शिकायचं म्हणून. त्यातही प्रवासखर्च आणि जेवण माग. दुसऱ्यापासून प्रयोगाला काय नाइट (एका प्रयोगाचं मानधन) देणार ते आधी विचार, कितीही छोटी असो. फुकटच काम करत राहणाऱ्याला वहीवर हक्क मिळत नाही, त्याला चहा आणायला पाठवतात. आणि बीकॉम पूर्ण कर. मार्च 2020 मध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त हाल झाले ते नाइटवर जगणाऱ्या बॅकस्टेजच्या माणसांचे. नाट्यगृहं पुन्हा नीट सुरू व्हायला 2021 चा ऑक्टोबर उजाडला, तोही निम्म्याच खुर्च्यांवर. दुसरं काही करता येणारे तगले. हिशेब ठेवता येणारी स्टेज मॅनेजर निर्मात्याला हवीच असते, म्हणजे तुझं कॉमर्स वायाही जात नाही.

प्रत्येक प्रयोगानंतर अर्ध्या पानाचा रिपोर्ट लिही. पडदा कधी उघडला, मध्यंतर किती मिनिटांचं झालं, कधी संपलं, काय मोडलं, ते कोण आणि कधी दुरुस्त करणार. ‘अमुक आज ढिला होता’ हे त्यात लिहायचं नाही, ते दिग्दर्शकाचं काम. असे दहा रिपोर्ट आणि एक भरलेली वही घेऊन कुणाकडेही गेलीस तर ‘अनुभव किती’ हा प्रश्न येणार नाही, ते पानं उलटत बसतील.

आता नमुना. पुढच्या गटाला असं लिही: ‘मी कॉलेजच्या अमुक एकांकिकेत प्रॉपर्टी आणि नेपथ्यबदल सांभाळला. इतक्या वस्तू, इतके बदल, सेट इतक्या मिनिटांत लावत होतो. यादी आणि आराखडा जोडला आहे. तुमच्या पुढच्या नाटकाच्या वाचनापासून तालमीची वही ठेवायला मला आवडेल. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी पूर्ण दिवस येऊ शकते.’ आकडे खरे टाक, कमी असले तरी चालतील. ‘लहानपणापासून नाटकाची आवड’ वगैरे गाळ, ती सगळ्यांनाच असते. मेसेजनंतर फोनही कर, कारण मेसेज वर सरकून जातात. पण शुक्रवार ते रविवार कुणालाही फोन करू नकोस, प्रयोग असतात. सोमवारी सगळे झोपलेले असतात. मंगळवारी दुपारी चारनंतर कर.